मुलाचे नाव नको, यंत्रणेचा हिशेब हवा

हातात कोयते घेऊन वाहनांच्या काचा फोडणाऱ्या अल्पवयीन मुलांची चित्रफीत फिरू लागली, की महाराष्ट्रात एक ठरलेला वाद नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते की कायदा मवाळ आहे, मुलांना तो पाठ झाला आहे आणि टोळ्यांचे म्होरके मुद्दाम सतरा वर्षांचे हात वापरतात. वयोमर्यादा सोळावर आणा. दुसरी बाजू म्हणते की ही मुले गुन्हेगार नसून परिस्थितीचे बळी आहेत, त्यांना शिक्षेची नव्हे तर आधाराची गरज आहे. दोन्ही बाजूंनी तावातावाने लिहिले-बोलले जाते, आणि एका साध्या प्रश्नाचे उत्तर दोघांपैकी कोणाकडेही नसते : गेल्या वर्षी आपल्या जिल्ह्याच्या बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अठरा वर्षांखालील आरोपींची प्रकरणे जिथे चालतात तिथे, जी मुले उभी राहिली, त्यांचे पुढे काय झाले? किती प्रकरणे निकाली निघाली, किती रखडली, किती मुलांना समज देऊन घरी पाठवले, किती जण विशेष गृहात (दोषी ठरलेल्या मुलांना ठेवतात तिथे) गेले, आणि तिथून बाहेर पडल्यावर कोणी त्यांची विचारपूस केली का? माझे म्हणणे असे आहे की हा हिशेब नागरिकांनी माहितीच्या अधिकारात नेटाने मागितला पाहिजे, आणि मुलांच्या गोपनीयतेकडे बोट दाखवून तो नाकारण्याचा अधिकार कोणत्याही कार्यालयाला नाही. मुलाचे नाव मात्र मागू नये, आणि कोणी देऊ केले तरी घेऊ नये.

मे २०२४ मधले पुण्याच्या कल्याणीनगरचे पोर्शे प्रकरण आठवून पाहा. दोन तरुण अभियंत्यांचा जीव गेला, सतरा वर्षांच्या मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींपैकी ३०० शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. संताप समजण्यासारखा होता. रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप पुढे आल्यावर तर तो अधिकच रास्त ठरला. पण त्या गदारोळात जो प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता, तो कोणी विचारला नाही. हा आदेश श्रीमंत घरच्या मुलासाठी केलेला अपवाद होता, की मंडळापुढचा नेहमीचा शिरस्ता? बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम १२ नुसार मुलाला जामीन देणे हा नियम आहे आणि नाकारणे हा अपवाद. गुन्हा अजामीनपात्र असला तरीसुद्धा. मग तशाच स्वरूपाच्या गुन्ह्यात पकडलेल्या, बाप रिक्षा चालवतो आणि आई धुणीभांडी करते अशा मुलाला जामीन मिळायला किती दिवस लागतात? दोघांनाही पहिल्याच दिवशी मिळत असेल, तर आपला राग त्या मंडळावर नव्हे, कायद्यावर असायला हवा. आणि दुसऱ्याला तीन आठवडे निरीक्षण गृहात (चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात तिथे) काढावे लागत असतील, तर प्रश्न कायद्याच्या मवाळपणाचा नाहीच, समानतेचा आहे. हे ठरवायला दहा चर्चासत्रे नकोत, एक तक्ता पुरतो. तो तक्ता कोणाच्याच हाती नव्हता, म्हणून प्रत्येकाने आपापल्या पूर्वग्रहाला साजेसे उत्तर धरून ठेवले.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा वार्षिक अहवाल आहे की, असे यावर कोणी म्हणेल. आहे, आणि तो वाचणाऱ्याला पहिला धक्का असा बसतो की बालगुन्हेगारीचा महापूर त्यात दिसत नाही. अल्पवयीनांनी केल्याचा आरोप असलेले देशभरात २०१६ मध्ये ३५,८४९ गुन्हे नोंदले गेले होते, २०२२ मध्ये ३०,५५५. आणि त्या वर्षी नोंदल्या गेलेल्या एकूण दखलपात्र गुन्ह्यांची संख्या ५८ लाखांहून अधिक होती. म्हणजे शेकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास. पण या आकड्यांवर दुसऱ्या बाजूनेही फार खूश होऊ नये. ही पोलिसांनी केलेली नोंद आहे, घडलेल्या गुन्ह्यांची मोजदाद नव्हे; नोंद वाढली म्हणजे गुन्हे वाढले असे नाही आणि घटली म्हणजे घटले असेही नाही. एकाच घटनेत अनेक गुन्हे घडले असतील, तर त्यांतला सर्वांत गंभीर तेवढा मोजला जातो. वर्षअखेरीस किती मुलांची प्रकरणे प्रलंबित, किती मुले घरी, किती विशेष गृहात, इतपत माहिती राज्यवार मिळते, पण जिल्ह्याच्या मंडळाचे कामकाज तिच्यातून उलगडत नाही. जिथे निर्णय होतो तिथली पाटी कोरीच राहते.

ही कोरी पाटी आजची नाही. १९८० च्या दशकात मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांना देशातल्या तुरुंगांत सोळा वर्षांखालील किती मुले आहेत, बाल न्यायालये आणि बालगृहे कुठे अस्तित्वात आहेत, एवढेच जाणून घ्यायचे होते. त्यासाठी त्यांना सर्वोच्च न्यायालयात याचिका करावी लागली. १९८६ मध्ये न्यायालयाने जिल्हा न्यायाधीशांना तुरुंगांना भेटी देण्याचे आदेश दिले, राज्यांकडून माहिती मागवली, मुलांसाठी देशभर एकच कायदा असावा अशी अपेक्षा व्यक्त केली, आणि त्याच वर्षी पहिला बाल न्याय कायदा झाला. मुले तुरुंगात आहेत हे मोजल्याशिवाय ती तिथे नसावीत हा कायदा झाला नाही, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जे काम तेव्हा सर्वोच्च न्यायालयाच्या दारात जाऊन करावे लागले, ते १२ ऑक्टोबर २००५ पासून दहा रुपयांच्या अर्जावर करता येते, निदान कागदावर तरी. ते करून दाखवणारेही आहेत. आयप्रोबोनो या संस्थेने कारागृहांकडे माहिती अधिकारात अर्ज केले, तेव्हा २०१६ ते २०२१ या सहा वर्षांत किमान ९,६८१ मुले चुकीने प्रौढांच्या तुरुंगात ठेवली गेल्याचे उघड झाले. आणि ही संख्या देशातल्या जिल्हा व मध्यवर्ती कारागृहांपैकी सुमारे निम्म्यांच्याच उत्तरांवरून काढलेली आहे. मंडळांच्या कामकाजाविषयी असाच खटाटोप न्याययंत्रणेच्या कामगिरीचा अहवाल काढणाऱ्या इंडिया जस्टिस रिपोर्ट या उपक्रमाने केला. ३६२ मंडळांपुढच्या प्रकरणांपैकी निम्म्याहून अधिक प्रलंबित असल्याचे २०२५ मध्ये आपल्याला कळले, ते कोणत्याही सरकारी संकेतस्थळामुळे नव्हे, तर या अर्जांमुळे. एरवी दिवाणी दाव्याची तारीखसुद्धा मोबाइलवर दिसते. मुलांच्या प्रकरणांची नुसती संख्या पाहायची सोय मात्र नाही.

आता विरोधातला सर्वांत वजनदार मुद्दा. कायद्याच्या कलम ७४ नुसार मुलाची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कलम २४ म्हणते की मुलाला दोषसिद्धीमुळे कोणतीही अपात्रता चिकटू नये आणि अपिलाची मुदत उलटल्यावर, अपवाद वगळता, त्याच्या दोषसिद्धीचे अभिलेख नष्ट करावेत. या तरतुदींची टिंगल करणाऱ्यांशी मी सहमत नाही. पंधराव्या वर्षी केलेली चोरी पस्तिसाव्या वर्षी नोकरीच्या दारात आडवी येऊ नये, हा विचार या कायद्याचा कणा आहे. शिवाय एक बारकावा असा, की नाव न देताही ओळख फुटू शकते. एखाद्या लहान तालुक्यात वर्षभरात खुनाच्या प्रकरणात एकच मुलगी पकडली गेली असेल, तर ‘मुली : १, गुन्हा : खून, आदेश : विशेष गृह’ ही ओळ तक्त्यात छापणे आणि तिचे नाव छापणे यांत गावापुरता काहीच फरक नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्याचे उत्तर तक्ता दडवण्यात नाही. जिथे संख्या पाचपेक्षा कमी असेल तिथे ती झाकावी, तालुक्याऐवजी जिल्हा किंवा विभाग घ्यावा, एका वर्षाऐवजी तीन वर्षे एकत्र करावीत. आरोग्याची आकडेवारी प्रसिद्ध करणारे लोक हे रोज करतात. माहिती अधिकार कायद्याच्या कलम १० मध्ये हीच सोय आहे : अभिलेखातला जो भाग देता येत नाही तो वेगळा काढून उरलेला द्यायचा. खासगी माहितीच्या कलम ८(१)(ञ) मधली सार्वजनिक हिताची कसोटी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने काढून टाकली, हे खेदजनक आहे. पण ‘१४२ प्रकरणे प्रलंबित’ हा आकडा कोणत्या व्यक्तीची खासगी माहिती आहे?

गोपनीयतेचा पडदा मुलासाठी असतो, पण त्याच्या आड मुलाखेरीज इतरही उभे राहू शकतात. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील लुझर्न काउंटीत दोन न्यायाधीशांनी खासगी सुधारगृहांशी संबंधित लोकांकडून लक्षावधी डॉलर घेतले, आणि त्याच काळात तिथल्या बाल न्यायालयात क्षुल्लक कारणांसाठी मुलांना काही मिनिटांच्या सुनावणीत कोठडीत पाठवले जात होते. सुनावण्या बंद दाराआड होत, त्यामुळे शेजारच्या घरालासुद्धा पत्ता नसे. वकिलाविना उभ्या राहणाऱ्या मुलांचे प्रमाण तिथे राज्याच्या सरासरीच्या कितीतरी पट होते. प्रकरण उघडकीला आले तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाला २००९ मध्ये हजारो मुलांवरचे निकाल रद्द करावे लागले. त्या मुलांपैकी एकाचेही नाव न कळता नुसत्या वकिलांच्या आकड्यावरून कोणालाही शंका यायला हवी होती. लिहायला वाईट वाटते, पण आकडा असणे पुरेसे नसते, तो मागून घेऊन वाचणारा माणूसही लागतो.

दुसरा आक्षेप आपल्या इतिहासातून येतो आणि तो मला अधिक अस्वस्थ करतो. नोंदी ठेवणारे सरकार आपल्याकडे नेहमीच निरुपद्रवी नव्हते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या समूहांची यादी केली, त्यांना हजेऱ्या लावल्या, तारेच्या कुंपणाआड वसवले आणि मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत घालण्याची तरतूदही पुढे केली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या जमाती विमुक्त झाल्या, तरी पारध्याच्या पोराकडे पाहणाऱ्या नजरेतून ती यादी अजून पुसली गेलेली नाही. उद्या बालगुन्हेगारीचा तक्ता जातवार, वस्तीवार, धर्मवार मागितला गेला आणि कोणी तो निवडणुकीच्या सभेत फडकावला, तर? भीती खरी आहे. पण ती हजेरी आणि मी मागतो आहे तो हिशेब यांत दिशेचा फरक आहे. ती नोंदवही माणसांवर ठेवलेली होती, पोलिसांना उघडी आणि ज्यांची नावे तिच्यात होती त्यांना बंद. इथे मागायचे आहे ते मंडळाने, पोलिसांनी, मुलांवर देखरेख ठेवणाऱ्या परिवीक्षा अधिकाऱ्याने आणि निरीक्षण गृहाने काय केले त्याची नोंद. आणि खरे सांगायचे तर, कोणत्या वस्तीतली मुले जास्त उचलली जातात आणि कोणाला जामिनासाठी अधिक थांबावे लागते, हा पक्षपात सिद्ध करायचा झाला तर पीडित समूहाच्याच हाती आकडे असावे लागतात. ते कोणत्या स्वरूपात मागायचे, हे त्या समूहातल्या कार्यकर्त्यांना विचारून ठरवावे, इतकी सवलत मी या आक्षेपाला देईन.

आकडे नसले की त्यांची जागा भाकिते घेतात. १९९५ मध्ये अमेरिकेत जॉन डिआयुलिओ या राज्यशास्त्रज्ञाने ‘सुपरप्रिडेटर’, म्हणजे निर्दय आणि हिंसक, मुलांची लाट येणार असे बजावले. राज्याराज्यांत मुलांना प्रौढ न्यायालयात पाठवणे सोपे करणारे कायदे त्या दशकात झाले. प्रत्यक्षात हिंसक गुन्ह्यांसाठी अल्पवयीनांना होणाऱ्या अटकांनी १९९४ मध्येच कळस गाठला होता. पुढे त्या एकूणात उतरत गेल्या. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे भाकीत चुकल्याचे मान्य करणारे जे निवेदन अभ्यासकांनी दिले, त्यावर खुद्द डिआयुलिओ यांचीही सही होती. मधल्या काळात प्रौढांच्या तुरुंगात गेलेल्या मुलांना ती सही काही उपयोगाची नव्हती. तरीही त्या देशात चूक मोजता आली, कारण अटकेचे आकडे वर्षानुवर्षे उघडे होते. आपण डिसेंबर २०१५ मध्ये दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेच्या छायेत कायदा बदलला आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलांना निर्घृण गुन्ह्यांत प्रौढांप्रमाणे खटल्याला सामोरे जावे लागू शकेल अशी वाट उघडली. वयोमर्यादा खाली आणा म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना ही वाट आधीच उघडी असल्याचे ठाऊक नसते, ते असो. त्या वाटेने आपल्या राज्यातून किती मुले गेली? मुलावर प्रौढाप्रमाणे खटला चालवावा का हे ठरवणाऱ्या, कलम १५ खालच्या प्राथमिक मूल्यांकनात मानसशास्त्रज्ञ किती वेळा हजर होता? २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मूल्यांकन नाजूक काम असल्याचे आणि मंडळात त्या विषयाचा जाणकार नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणे बंधनकारक असल्याचे सांगितले. ती घेतली जाते का, हे सांगणारा कागद कुठे आहे?

कार्यालयांची अडचण मी हसण्यावारी नेत नाही. एकेका परिवीक्षा अधिकाऱ्यावर गृहचौकशीपासून न्यायालयीन हजेरीपर्यंत दहा कामांचा बोजा असतो, आणि अर्जदाराच्या रकान्यांत आकडे भरण्यात गेलेला दिवस हा मुलाच्या घरी न गेलेला दिवस असतो. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितले आहे की जी माहिती कार्यालयाकडे संकलित स्वरूपात नाही आणि जी तशी ठेवण्याचे कायद्याने बंधन नाही, ती नव्याने तयार करून देण्यास ते बांधील नाही. ‘सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही’ हे टपालातून येणारे वाक्य तिथूनच बळ घेते. पण इथे हे वाक्य लागू पडत नाही, आणि ही गोष्ट फार थोड्या अर्जदारांना माहीत असते. बाल न्याय कायद्याच्या कलम १६ नुसार मंडळातल्या प्रलंबित प्रकरणांचा आढावा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी घ्यायचा असतो, आणि मंडळाने ती माहिती त्यांना व जिल्हा दंडाधिकाऱ्यांना दर तिमाहीला पुरवायची असते. म्हणजे संकलन करण्याचे बंधन कायद्यानेच घातले आहे. कागद एक तर तयार आहे, किंवा तो तयार न करून कायदा मोडला गेला आहे. दोन्ही उत्तरे अर्जदाराच्या उपयोगाची आहेत. म्हणून लांबलचक प्रश्नावली पाठवू नये. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एका विषयापुरता आणि साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो (निबंधाच्या अटीच्या निम्मा!), आणि एवढ्या जागेत हे वाक्य सहज मावते : ‘बाल न्याय अधिनियम, २०१५, कलम १६(३) अन्वये गेल्या आठ तिमाहींत पाठविलेल्या प्रलंबिततेच्या अहवालांच्या प्रती, मुलांची ओळख दर्शविणारा मजकूर वगळून.’

एका मर्यादेपाशी मात्र थांबावे लागते. ‘सुटलेल्यांपैकी किती मुलांनी पुन्हा गुन्हा केला?’ हा आकडा सर्वांनाच हवा असतो, आणि तो मिळवायचा तर मुलाची जुनी नोंद प्रौढपणीच्या नोंदीशी जोडावी लागते. कायद्याने जी नोंद पुसायला सांगितली आहे तीच जपून ठेवावी लागते. इंग्लंड आणि वेल्समध्ये असा सिद्ध झालेल्या पुनर्गुन्ह्यांचा दर दरवर्षी प्रसिद्ध होतो, पण तिथली अभिलेखांची व्यवस्था वेगळी आहे. आपल्याकडे त्या एका आकड्यापायी नव्याने सुरुवात करण्याचे तत्त्व मोडावे, असे मला वाटत नाही. पर्यवेक्षणाच्या काळात काय घडले, शाळा पुन्हा सुरू झाली का, काम मिळाले का, एवढे विचारता येते, आणि तेवढेही आज आपण विचारत नाही.

एका जिल्ह्यातल्या कार्यालयात मी तेवढेच विचारले होते. पहिले उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आले : माहिती बालकांशी संबंधित असल्याने देता येत नाही. प्रथम अपिलाच्या सुनावणीत अपिलीय अधिकाऱ्यांनी विचारले, ‘तुम्हाला हे कशासाठी हवे आहे?’ कारण सांगण्याचे बंधन कायद्यात नाही, हे मी सांगितले नाही; कारणच सांगितले. त्यांनी थोडा विचार करून नोंदवहीच्या अवलोकनाची परवानगी दिली. नोंदवही घेऊन आलेल्या लिपिकबाईंनी एक कोरा कागद उभा घडी घालून नावाच्या आणि पत्त्याच्या रकान्यांवर ठेवला, वर पट्टीचे वजन ठेवले आणि पान उलटताना दर वेळी तो न विसरता पुढच्या पानावर सरकवला. दोन तासांत एकही नाव माझ्या नजरेला पडले नाही. वय दिसले, आदेशाचा दिनांक दिसला, पर्यवेक्षणाचा कालावधी दिसला. बहुतेक ठिकाणी एक वर्ष. पुढे ‘भेटींचे दिनांक’ असा रकाना होता, त्यात पहिल्या ओळींना एक-दोन तारखा होत्या, नंतर नुसत्या आडव्या रेघा. शेवटचा रकाना ‘निष्पत्ती’ असा होता. मी बाईंना विचारले की हा कोणी भरायचा असतो. त्या म्हणाल्या, ‘आजवर कोणी विचारलाच नाही, सर.’